मनोहर ओहायोचा झाला

सोमवार

"ओहायो जिंकणार," मनोहर म्हणाला आणि त्याने चहात बिस्कीट बुडवलं.

रवीला आधी थट्टा वाटली. शनिवारी अमेरिकन फुटबॉलची मॅच, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट. ॲन आर्बरमध्ये, मिशिगन विद्यापीठाच्याच गावात, या आठवड्यात असं वाक्य कुणी थट्टेतही उच्चारत नाही.

"तब्येत बरी आहे ना?"

"त्यांची डिफेन्सची फळी बघ. आपला क्वार्टरबॅक..." मनोहर थांबला. "मिशिगनचा क्वार्टरबॅक टिकायचा नाही तिच्यापुढे. दहा पॉइंटनी मार खाणार."

बिस्कीट तुटून चहात पडलं. त्याने ते चमच्याने काढून खाल्लं.

दोघं पाच वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहत होते, दोघंही पीएचडीला. हा खेळ रवीला मनोहरनेच शिकवला होता. पहिल्या हिवाळ्यात, ताटात शेंगदाण्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडून. डिसेंबरात मनोहर नोकरीसाठी बेलव्ह्यूला जाणार होता. म्हणजे शनिवारची मॅच दोघांनी एकत्र बघायची शेवटची. रवीने त्यासाठी पंधरा जणांना बोलावलं होतं. यादीत पहिलं नाव मनोहरचं होतं, गरज नसताना.

मंगळवार

मनोहरच्या खोलीत लाल झेंडा लागला. ओहायोचा.

बुधवार

वरच्या मजल्यावरची सावनी कुकर परत करायला आली. रवीने तिला दारातच गाठलं.

"याला काहीतरी सांग. पार्टी बदललीय याने."

"बदलतात यार माणसं."

"हा नाही बदलत. वर्ल्ड कपच्या फायनलला अर्धी मंडळी उठून झोपायला गेली. हा आपली शेवटची विकेट पडेपर्यंत बसला, गालावर तिरंगा रंगवून. महाराष्ट्र मंडळाच्या निवडणुकीत मी उभा होतो, तेव्हा माझ्यासाठी दारोदार हिंडला."

"किती मतं पडली होती रे तुला?"

"अकरा. तो मुद्दा नाहीये. आपल्या ग्रुपमधल्या यशने त्या पोरीला विचारावं म्हणून महिनाभर त्याच्या मागे लागला. ती नाही म्हणाली, तर आठवडाभर यशला रोज जेवायला घेऊन यायचा. गेली दोन वर्षं आपण ओहायोकडून हरतोय, हा दुसऱ्या दिवशी मिशिगनचीच जर्सी घालून लॅबमध्ये. असा माणूस साथ सोडतो?"

सावनीने खांदे उडवले. "तेच तर. दमला असेल बिचारा. एकदा तरी जिंकणाऱ्यांच्यात बसावंसं वाटलं असेल."

हे रवीला सुचलं नव्हतं, आणि तिनेही सुचवलं नसतं तर बरं झालं असतं.

आतून आवाज येत होता. मनोहर ओहायोच्या खेळाडूंची नावं पाढ्यांसारखी म्हणत होता, अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. मग तो बाहेर आला.

"सावनी, खरं सांग. मी ओहायोचा वाटतो का? आतून?"

"अस्सल हरामखोर वाटतोस."

ती हसली. तो हसला नाही.

"अजून कमी पडतंय," तो म्हणाला आणि आत गेला.

गुरुवार

"शनिवारी या घरात लाल शर्ट चालणार नाही," रवी म्हणाला.

"माहितीय. मी कोलंबसला चाललोय. विष्णूकडे."

विष्णू मनोहरचा कॉलेजातला मित्र, ओहायोत शिकणारा. मॅच यंदा तिकडेच होती.

"म्हणजे आधीच ठरवलं होतंस."

"हो."

"मग डिसेंबरची वाट कशाला बघतोस? आत्ताच जा ना बेलव्ह्यूला. मी ठेवीन कुणीतरी दुसरा रूममेट."

मनोहर खाली वाकून बॅग भरत होता. चेन लावता लावता म्हणाला, "कोच चांगला आहे रे त्यांचा. मुलांवर जीव आहे त्याचा. जिंकायला हवेत ते."

आवाज जड झाला होता. रवीला तेच सगळ्यात जास्त लागलं. नाटक असतं तर त्याने माफ केलं असतं.

त्याने यादी काढली आणि पहिलं नाव खोडलं.

शुक्रवार

गाडी रवीचीच होती, त्यामुळे सोडायला त्यालाच जावं लागलं. रस्त्यावर घराघरांतून निळे-पिवळे झेंडे. शेजारी मनोहर लाल टोपी घालून बसलेला. सिग्नलला एका म्हाताऱ्या बाईने काच खाली करून दोघांनाही शिवी दिली.

"मी नाही, मॅडम, हा," रवी म्हणाला.

स्टॉपवर बस उभीच होती. थंडीने दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मनोहरने बॅग खांद्याला लावली आणि हात पुढे केला. रवीने खिशातून हात काढला नाही.

"सगळे विचारतायत. यश, सावनी, सगळे. काय सांगू त्यांना?"

"सांग, तिकडे गेला."

"मला खरं कारण हवंय, मन्या. पाच वर्षं राहिलोय सोबत. तेवढा हक्क आहे माझा."

"रविवारी सांगतो. आत्ता बोललो तर सगळं पातळ होईल."

"काय पातळ होईल?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मनोहर पायरीवर चढला, उतरला, पुन्हा चढला. डोळे भरले होते. दारातल्या दांड्याला धरून तो वळला.

"रव्या, आजवर मी ज्याच्या ज्याच्या पाठीशी मनापासून उभा राहिलो, त्यातलं कुणी एक तरी जिंकलंय का रे?"