नवी बेरिंग

तुलारामच्या कारचं पुढचं चाक घूं-घूं घुमायला लागलं होतं. शेजारी जपमाळ घेऊन बसणाऱ्या त्याच्या बायकोची, धुरपताची एकच तक्रार, "या आवाजापायी माहा जप माह्याच कानावर पडत नाही जी."

चाकाची बेरिंग गेली होती. "बाबूलाल मिस्त्रीले बोलवा ना," ती म्हणाली.

"त्याले कायले? मी हाव ना!"

मोबाइलवर व्हिडिओ पाहत तुलारामनं अंगणातच जॅक लावला. जुनी बेरिंग घणानं ठोकून काढली, नवी तशीच ठोकून बसवली. संध्याकाळी धुरपतानं चाकाला हळद-कुंकू वाहून नारळ फोडला, तेव्हा बायकोला आपल्या हाताचं मोल कळलं म्हणून त्याची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी दोघं एकोडीहून लेकीकडे पवनीला निघाले. लाखनी मागे पडली तरी चाकाचा आवाज म्हणून नाही. शेजारी माळेचे मणी सरकत होते, आणि बायकोचा जप आज पहिल्यांदाच त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता.



"देवा, यायनं बसवलेलं चाक पवनीपर्यंत टिकू दे. वापस मी एसटीनं येईन."