चकतीभोवतीचं कडं

दवाखान्यात भरती असलेल्या बाबांच्या पायाची जखम चिघळत चालली होती आणि डॉक्टर पाय कापायचा म्हणत होते. तिने त्या जखमेतलेच जंतू कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवले. आईच्या कुंडीतल्या औषधी झुडपाच्या पानांचा अर्क कागदाच्या चकतीवर घेतला आणि ती चकती बशीत मधोमध ठेवली. सकाळी चकतीभोवती स्वच्छ कडं पडलं होतं. तेवढ्या जागेतले जंतू साफ मेले होते! तिने आधी घरी फोन केला, मग मॅडमना बशी दाखवली.

"पानं कशात भिजवली होतीस?"

"अल्कोहोलमध्ये."

"मग नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवून पाहिलीस का गं?"

तिने जीभ चावली. तीही चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीही अगदी तेवढंच कडं होतं. जंतू अल्कोहोलने मारले होते, पानांनी काहीच केलं नव्हतं.

तिने घाईघाईने पुन्हा घरी फोन लावला. आईने तो बाबांच्याच हातात दिला.



"डॉक्टरांना म्हटलं, तुमची करवत ठेवा तुमच्यापाशी! कालच घरी आलो, पाला बांधलाय. पोरी, पाय वाचवलास बघ माझा."