खिडकीबाहेरचा आरसा

हेस्टरने संग्रहालयाच्या दारातून पुन्हा पुलाकडे पाहिलं. करड्या कोटातल्या माणसाने सायकल कठड्याला टेकवली आणि कुलूप न लावताच तो इकडे निघाला. आम्स्टरडॅममध्ये सायकलीला कुलूप न लावणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर घाईत.

"एक मोठं, एक लहान," ती तिकिटं देणाऱ्या बाईला म्हणाली. "चार वर्षांची आहे."

"पाच," छोटी म्हणाली.

बाई हसली. "आयांना पोरं वाढलेली कळतच नाहीत. बाह्या बघा की, मनगटाच्या वर गेल्यात."

हेस्टरने निळ्या कोटाच्या बाह्या खाली ओढल्या. कोटाला अजून कपाटाचा वास होता.

कालव्याकाठच्या त्या जुन्या घराचा जिना शिडीसारखा उभा होता. छोटीला पुढे घालून, दोराला धरून ती चढली.

"बाहुलीघर कुठाय? तू म्हणालीस दाखवते."

"वरती. हळू बोल."

जेवणघरात टेबल मांडलेलं होतं, तीन शतकांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी. मागे जिना करकरला. तो माणूस आत आला. चांदीची भांडी, निळ्या फरशा, कशाकडेच त्याने पाहिलं नाही.

"गोड आहे हो पोरगी. नाव काय गं तुझं?"

हेस्टरने छोटीच्या तोंडात ज्येष्ठमधाची खारी गोळी कोंबली आणि पुढची खोली गाठली. पाठीमागे तो फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. "हो, वरच आहे. निळा कोट."

ही शेवटची खोली. तिने दार लोटलं. कडी नव्हती. छोटी बाहुलीघरासमोर मांडी घालून बसली होती.

या वेळी हात सोडायचा नाही. काही झालं तरी नाही.

खिडकीबाहेर लोखंडी दांडीवर छोटा आरसा होता. पूर्वी घरातल्या बायका खुर्चीत बसून त्यात बघायच्या, खाली दारात कोण आलंय ते. हेस्टरने पाहिलं. त्याने आणखी माणसं बोलावली होती. दोन पुरुष, आणि बटणं न लावलेल्या रेनकोटात धावत आलेली एक बाई.

आपण त्यांना दिसणार नाही, अशी हेस्टरची खात्री होती. पण प्रकाश ज्या वाटेने वर येतो, त्याच वाटेने खालीही जातो.

छोटी खुर्चीवर चढली, आरशात डोकावली आणि दोन्ही हात हलवू लागली.

"आई, मी इथे वर आहे. बाहुलीघर बघायला ये ना."