सरकलेली बेंबी

पोट दुखलं की आमच्या ह्यांना डॉक्टर नको असतो, मी हवी असते. बेंबी बसवण्यात तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे खरं. पण चार वर्षांपूर्वी ह्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आणि डॉक्टरांनी आतून नळी बसवली. नळीच्या कडेनं रक्त झिरपलं तर फुगा पुन्हा वाढून फुटेल, दरसाल तपासायला या, असं बजावलं. हे जायचे, येऊन म्हणायचे, "सगळं झकास."

आज "बेंबी सरकली" म्हणून आडवे झाले. मी तेल लावून अंगठा टेकवला. बेंबी जागच्या जागी होती. तिच्या वरच्या अंगाला मात्र नारळाएवढं काहीतरी माझ्या तळव्यावर धडधडत होतं. मी झटकन हात उचलला.

"थांबलीस का? दाब की जोरात!"

"तपासायला खरंच जात होतात?"

"बाजारात बसून यायचो. नळी बसली, आता काय बघायचं?"

मी सुनेला गाडी आणायला पिटाळलं.

"खोटारडे कुठले! हलू नका आता. चाळीस वर्षांत कुणाला म्हटलं नाही ते तुम्हाला सांगते, हे माझ्या हातचं नाही."