डोंगराखालचं ओर्विएतो

इटलीतल्या ओर्विएतोच्या स्टेशनातून बाहेर पडलेले सगळे पर्यटक समोरच्या, डोंगरावर चढणाऱ्या फ्युनिक्युलर रेल्वेकडे गेले. जुनं शहर, कॅथीड्रल, वाइनची दुकानं, सगळं डोंगरावर. नीलिमा आणि तिचा नवरा मोहन तेवढे खालीच राहिले.

खाली बघण्यासारखं काही नव्हतं. चौकोनी इमारती, सुपरमार्केट, टायरचं दुकान, हायवेची न थांबणारी घरघर. या सगळ्यावर तो पिवळट कडा असा उभा होता, की नीलिमाला मान वर करवेना.

"टोपी घाल. ऊन लागेल," मोहन म्हणाला. दोन्ही बॅगा त्याच्याच खांद्यावर होत्या.

नीलिमाने मागे वळून पाहिलं. सकाळपासून ती तेच करत होती. प्रत्येक सावळ्या, उंच माणसात तिला रणजित दिसत होता.

सुखदा तिची धाकटी बहीण. शिकायला म्हणून पुण्याहून ऑकलंडला आली आणि तिथल्या फ्लॅट बुश उपनगरात यांच्याच घरी राहिली. पहिले काही महिने घर तिच्या हसण्याने भरलेलं होतं. मग ती गप्प होत गेली. जेवायला खाली येईना. स्वतःच जाऊन कडी आणली आणि खोलीच्या दाराला आतून बसवून घेतली.

"त्या रणजितशी बोलत बसते रात्रंदिवस," मोहन तेव्हा म्हणाला होता. सँडरिंगहॅमच्या एका रेस्टॉरंटमध्ये रणजित स्वयंपाकी होता. "मी चौकशी केलीय. माणूस बरा नाही. आधीच्या मुलीवर हात उचलायचा म्हणे."

"कोणी सांगितलं तुला?"

"आहेत ओळखीचे. तू तिला काही विचारू नकोस, बिथरेल. मी बघतो."

एक दिवस नीलिमा माउंट वेलिंग्टनच्या फार्मसीतल्या कामावरून घरी आली, तर खोली रिकामी. फोन बंद. रणजितही गायब. सज्ञान मुलगी आहे, स्वतःच्या मर्जीने देश सोडून गेलीय, असं म्हणून पोलिसांनी विषय संपवला. मोहनने नाही संपवला. ओळखीच्यांना मेसेज करणं, फेसबुकवर शोधत बसणं, वर्षांमागून वर्षं चालूच राहिलं. "सख्खा भाऊ करणार नाही एवढं जावई करतायत," आई पुण्याहून फोनवर म्हणायची. नीलिमाला त्याच्याकडे बघून भरून यायचं.

आणि मग मधुवंतीचा फोन आला. तिच्या ओळखीतली नर्स, इटलीच्या टूरवर गेलेली.

"नीलिमा, अगं, तुझी सुखदा! ओर्विएतोला ट्रेन लेट होती म्हणून समोरच्या बारमध्ये कॉफीला गेले, तर काउंटरवर ती! मला बघून पांढरीफटक पडली. कोणालाच सांगू नकोस म्हणून हात जोडले गं तिने. पण तू बहीण आहेस, तुला कसं नाही सांगणार?"

"घाबरवून ठेवलंय त्याने," मोहन म्हणाला. दुसऱ्याच दिवशी त्याने तिकिटं काढली.

तो बार आता समोर होता.

"तू एकटीच आत जा," मोहन म्हणाला. "पुरुष दिसला की लोक सांगायला कचरतात."

काउंटरमागे एक जाडसर बाई कप पुसत होती. नीलिमाने मोबाइलवरचा सुखदाचा फोटो पुढे केला. बाईने फोटो पाहिला, नीलिमाचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"सोरेल्ला?"

बहीण. एवढं नीलिमाला कळलं. तिने मान डोलावली आणि तिचे डोळे भरून आले. बाईने तिचा हात दाबला, दारापाशी आणून शाळेमागची इमारत दाखवली आणि तीन बोटं वर केली.

दुपारची वेळ. दुकानांची शटरं खाली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत, एक माणूस कपडे वाळत घालत होता. नीलिमाने मोहनचा दंड घट्ट धरला.

"तोच आहे. मोहन, आपण पोलिसांना बोलवू या ना."

"आणि तोवर तिला घेऊन पुन्हा पळाला तर?" मोहनच्या कपाळावर घाम होता. "मी आहे ना."

एक म्हातारी कुत्र्याला घेऊन बाहेर पडली आणि तिने यांच्यासाठी दार धरून ठेवलं. जिन्यात तळणीचा वास होता. तिसऱ्या मजल्यावर मोहन दारापासून बाजूला, भिंतीला चिकटून उभा राहिला.

"तू समोर उभी राहा," तो कुजबुजला. "तुला बघितलं की उघडेल."

नीलिमाने बेल दाबली. पावलं जवळ आली. दारातल्या भिंगामागे कोणीतरी श्वास रोखल्यासारखं थांबलं. मग साखळी निघाली, एक कुलूप उघडलं, मग दुसरं.

"ताई!"

सुखदा तिच्या गळ्यात पडली. हाडं लागत होती, पण केसांना वास तोच होता, लहानपणचा.

"मला वाटलं, तू मला टाकलंस," सुखदा हुंदके देत म्हणाली.

"वेडी आहेस का? सगळं ठीक होईल आता. घरी जाऊ आपण. घाबरू नकोस त्याला. मी एकटी नाही आले, मोहन आलाय बरोबर."

नीलिमाच्या पाठीवरचे हात एकदम गळून पडले. सुखदाने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि मागे सरून दार लोटलं. मोहन भिंतीपासून सुटून पुढे आला होता आणि त्याने दाराच्या फटीत बूट घातला होता.

"किती शोधलं तुला," तो हसून म्हणाला.

सुखदा दार लोटत राहिली, अंगातलं सगळं बळ लावून, आणि मागे वळून जिवाच्या आकांताने ओरडली, "रणजित! रणजित, लवकर ये! तो आलाय!"