दाराला टेकवलेला झाडू

फिनलंडमधल्या त्या खेड्याची पंचायत वर्षअखेरीला शेजारच्या शहरात विलीन झाली. बावीस वर्षं कारकुनी केलेल्या ऐलीनं कचेरीतली शेगडी विझवून दाराला झाडू टेकवला. आत कुणी नाही, याची गावातली खूण एवढीच; कुलूप कुणी लावतच नसे. आठवड्यानं तिला राहवेना. बर्फ तुडवत गेली, तर झाडू गायब! शहरवाले कचेरी पाडायला आले की काय! तिनं दार लोटलं. आत शेगडी धगधगत होती, कॉफीचा वास सुटलेला, निम्मं गाव बाकांवर दाटीनं बसलेलं, आणि म्हातारा ओइवा त्याच झाडूनं बुटांवरचा बर्फ झाडत होता. “कचेरी गावालाच दिलीय शहरानं,” तो म्हणाला. “आणि काय गं, झाडू लावून गेलीस? आम्ही काय मेलो होतो?” ऐलीनं डोळे पुसले, झाडू हिसकावला. “आणा इकडे! कोपरे तसेच राहिलेत.”