सेट न लावलेला सिनेमा

"त्या पडद्याला हात लावायचा नाही!" दिग्दर्शक ओरडला.

सामान मांडणारा प्रॉपर्टीवाला मागे सरला. "सर, वाकडा लटकतोय."

"लटकू दे."

युनिटमधले गालातल्या गालात हसले. उभी हयात या माणसाने कलादिग्दर्शक म्हणून पडदेच सरळ केले होते. राजवाडे उभारले, तुरुंग उभारले, भर उन्हात चिखल केला. सिनेमा पडला की लोक म्हणायचे, "सेट मात्र छान होता हं." चालला की सेटचं नावही निघायचं नाही. ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. पन्नाशी उलटल्यावर पहिला सिनेमा हाती आला, तेव्हा त्याने पणच केला, सेट लावायचा नाही. माणसं दाखवायची. एकदा तरी कुणी म्हणावं, याला माणसं कळतात.

म्हणून त्याने नांदतं घर घेतलं, आहे तसं. ओळखीतलं आहे, भाडं नाही, एवढंच निर्मात्याला सांगितलं. फुकटच्या घराला निर्मात्याने कशाला नावं ठेवावीत?

गोष्ट साधीच, एका सुखी जोडप्याची. पण घोडं तिथेच पेंड खात होतं. नायिकेला प्रेमाचं वाक्य काही केल्या जमेना.

"सर, हे घर मला खायला उठतं," ती म्हणाली. "खुर्च्या बघा ना. एकीवरून दुसरीवरच्याशी बोलायचं तर मान मोडेल."

"तू अभिनयाचं बघ. खुर्च्यांचं मी बघतो." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. ये रे माझ्या मागल्या! "हे बघ, चांगली माणसं राहतात इथे. सुखी आहेत."

"तुम्ही म्हणता तर असतील."

सिनेमा आला तसा गेला. समीक्षकांनी लिहिलं, जोडप्याचं प्रेम खोटं वाटतं. तो घरात तोंड पाडून बसला. कुणाशी बोलावंसं वाटेना, आणि कुणी विचारलंही नाही.

मग पुरस्कार सोहळ्याचं बोलावणं आलं. तो बायकोला घेऊन गेला. मन वेडं असतं, दिग्दर्शनाचं नाव पुकारलं जाईपर्यंत त्याने श्वास रोखून धरला. नाव दुसऱ्याचंच निघालं.

"सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन," निवेदिकेने जाहीर केलं, आणि त्याचं नाव घेतलं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो पुढच्या रांगेतल्या निर्मात्याच्या कानाशी वाकला. "मी तिथे एक खिळासुद्धा ठोकला नाही!"

"कलादिग्दर्शक म्हणून पाटीवर कुणाचं तरी नाव हवंच ना? तुझं टाकलं. जा आता, गुपचूप घे."

मंचावर परीक्षकांचं मत वाचून दाखवत होते. "पात्रं प्रेमाच्या गोष्टी करतात, पण घर खरं बोलतं. एकाच छपराखाली दोन चहाच्या किटल्या, दोन रेडिओ. जेवणाच्या टेबलाची एकच बाजू झिजलेली. इथे कित्येक वर्षांत कुणी कुणाची वाट पाहिलेली नाही, हे कलादिग्दर्शकाने एकही शब्द न वापरता उभं केलं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो जागचा हलेना.

"उठा, बोलावतायत," शेजारी बसलेली बायको शांतपणे म्हणाली. "फक्त त्या घरात आपण राहतो, हे सांगू नका."